नोटा कुणी उडवल्या नाहीत (डेन्मार्क, चार दिवस)

भाची दोन वर्षं झाली कोपनहेगनला नोकरी करतेय आणि दोन वर्षं माझं नुसतं येतो येतो चाललं होतं. शेवटी या मे महिन्यात गेलो. परत आल्यापासून जो तो विचारतोय काय काय पाहिलंस, आणि मी सांगतो पाच जणांचं वादन ऐकलं, की समोरच्याचा चेहरा एकदम पडतो. म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून टाकतो.

त्याआधी अण्णांबद्दल सांगायला पाहिजे. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, कराडला असतात. आयुष्यभर लग्नाच्या बँडमधे क्लॅरनेट वाजवला. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची पेटी उचलून वरातीबरोबर चालायचो, मोबदला म्हणून एक लिंबू सरबत. क्लॅरनेटच्या दोन चाव्यांच्या स्प्रिंगा गेलेल्या, तिथे रबरबँड लावलेले. खालच्या एका चावीत थुंकीचं पाणी साचलं की अण्णा वर्तमानपत्राची कड फाडून चावीखाली सारायचे, दाबायचे, काढायचे, की लगेच पुढचं गाणं सुरू. ऐकत कुणीच नसायचं हो. नाचणारे नाचत असायचे, नवऱ्याचे मित्र नोटा उडवत असायचे, म्हाताऱ्या बायका आवाज कमी करा म्हणून हातवारे करत असायच्या.

हे डोक्यात असताना भाची फोनवर म्हणाली, मामा, माझी रूममेट हॉर्न वाजवते, त्यांच्या पाच जणांच्या ग्रुपमधे क्लॅरिनेटपण आहे, तू येशील तेव्हा त्यांचा कार्यक्रम आहे. मी म्हटलं काढ तिकीट. ती म्हणाली फुकट आहे. मग तर काय.

दिवस पहिला, शुक्रवार

कास्ट्रुप विमानतळावरून मेट्रोने सरळ शहरात, ड्रायव्हर नाही गाडीला, मी पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून उभा, भाची लांब जाऊन बसली, ओळख नसल्यासारखी. तिच्या खोलीवर सामान टाकलं, झोप येत होती पण ती म्हणाली आत्ता झोपलास तर रात्री तीनला जागा होशील, चल फिरून येऊ.

फिरत फिरत ग्रोनिंगेन नावाच्या रस्त्यावर गेलो, जुन्या किल्ल्याजवळ. तिथे एका उंच चौथऱ्यावर पुतळा आहे, पंख नसलेला पेगासस (ग्रीक पुराणातला उडणारा घोडा) आणि त्याच्यावर बसून पॅनची बासरी वाजवणारा उघडा तरणा पोरगा. कार्ल नील्सन या डॅनिश संगीतकाराचं हे स्मारक. केलंय त्याच्या बायकोने, आने मारी तिचं नाव, स्वतः मोठी शिल्पकार. मधली काही वर्षं दोघांचं पटत नव्हतं, वेगळे राहत होते, नंतर परत एकत्र आले. तो 1931 साली गेला आणि हे स्मारक 1939 साली उभं राहिलं. रात्रीचे साडेआठ वाजलेले, आणि ऊन अजून घोड्याच्या मानेवर. मी विचारलं नवऱ्याचा चेहरा कुठाय यात, भाची म्हणाली गूगल कर.

केलं. चेहऱ्याचं राहिलं बाजूला, दुसरीच गोष्ट सापडली. 1921 सालच्या शरद ऋतूत नील्सनने एका पियानोवादक मित्राला फोन लावला, ख्रिश्चन ख्रिश्चनसन त्याचं नाव. मित्राच्या घरी त्या वेळी कोपनहेगन विंड क्विंटेट या पाच फुंकवाद्यवाल्यांच्या ग्रुपची मंडळी मोझार्टची प्रॅक्टिस करत होती. फोनवर बोलताना मागून ते ऐकू आलं आणि हा बोलायचं सोडून विचारतो, मी तिकडे येऊ का ऐकायला? गेला. आणि पुढच्या वर्षी त्या पाच जणांसाठीच एक रचना लिहून काढली. ओपस 43, म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक. आपल्याला रविवारी जे ऐकायचंय त्यात शेवटी हेच आहे, भाची म्हणाली. मला फोनवर मागून असं काही ऐकू येतं ते फक्त प्रेशर कुकर.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी राई ब्रेड, चीज आणि मी नेलेली शेंगदाण्याची चटणी. रूममेटला चटणी इतकी आवडली की प्रॅक्टिसला बसायची परवानगी मिळाली, अट एकच, बोलायचं नाही. भाची म्हणाली, अवघड आहे.

चर्चच्या मागे एक साधी खोली, लाकडी जमीन, एका कोपऱ्यात लहान मुलांची खेळणी. पाच खुर्च्या अर्धगोलात. या टोकाला फ्लूट, त्या टोकाला तिच्यासमोर क्लॅरिनेट, मधे ओबो, हॉर्न आणि 'बसून' (हे वाद्याचं नाव, लांबलचक, खालच्या सुरांचं). सगळे पंचविशीतले, जीन्स, मोजे, बूट दाराबाहेर काढलेले. दाराबाहेर बूट बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

ओबोवाली मुलगी आली ती आधी एक छोटी डबी काढून त्यात पाणी ओतून त्यात तिची पत्ती बुडवून बसली. आपल्या सनईवाल्यांचंच सगळं! दोन पात्यांची पत्ती, तोंडात ओली करायची, वाजवून बघायची, नाही आवडली की दुसरी. सनईवाल्यांच्या दोऱ्याला जादा पत्त्या लोंबत असतात, हिच्याकडे मखमलीची डबी, त्यात दहा-बारा ओळीने, आणि ती स्वतः चाकूने तासते त्या. त्या डबीकडे ती ज्या काळजीने बघत होती तसं माणूस सोन्याकडे बघतो.

हॉर्न बघायला भारी, पितळेचं वेटोळं, उजवा हात त्याच्या तोंडात घालून बसायचं. पण दर दहा मिनिटांनी रूममेट त्याच्या नळ्या उपसून खाली ओतायची, पाणी टपटप. खाली जुना टॉवेल टाकलेला. मी जरा सरकून बसलो. नंतर ती म्हणाली थुंकी नाहीये ती, श्वासाची वाफ थंड होऊन पाणी होतं. अण्णांना हे पन्नास वर्षं कुणी सांगितलं नाही, आम्ही थुंकीच समजायचो.

खरी मजा पुढे. डान्झी नावाच्या जर्मन संगीतकाराची एक सोज्वळ रचना काढली, आणि एका जागी पाचही जण एकदम जोरात वाजवतात तिथे अडले. वीस मिनिटं अडले. मला तर सगळं बरोबरच वाटत होतं. चहाच्या वेळी क्लॅरिनेटवाल्या मुलाने समजावलं: फ्लूट जोरात फुंकली की सूर चढतो आणि क्लॅरिनेट जोरात फुंकला की सूर उतरतो. म्हणजे दोघं जेवढं मनापासून वाजवणार तेवढे एकमेकांपासून लांब जाणार, नवराबायकोसारखं. मग तिने ओठ आणि फुंकेचा कोन बदलून खाली यायचं, याने वर जायचं, आणि मधे ओबो जागचा हलत नाही म्हणून सगळे त्याच्याकडे बघणार. त्यात हॉर्नचं तोंड मागे भिंतीकडे, त्याचा आवाज भिंतीला आपटून येणार. चार व्हायोलिनजातीची वाद्यं एकत्र वाजली की एका घरचे चार भाऊ असतात, इथे पाच जण पाच गावचे. एकाला एक पत्ती, दोघांना दोन पात्यांची, एकाला पत्तीच नाही आणि पाचवा पितळेचा. आणि तरी याला म्हणायचं वुडविंड क्विंटेट, लाकडी वाद्यांचं पंचक, त्यातली फ्लूटसुद्धा चांदीसारखी चकचकीत. असो, बटाटेवड्यात बटाटा असतो तेवढं पुरे.

दुसरं म्हणजे सुरुवात कशी करतात ते. अण्णांच्या बँडमधे मास्तर शिट्टी मारायचा. इथे कुणी मास्तर नाही, टाळी नाही, मोजणं नाही. फ्लूटवाली वाद्य किंचित उचलते आणि नाकाने श्वास घेते, चांगला ऐकू येईल असा, आणि त्या श्वासाच्या वेगावरून बाकीच्या चौघांना गाणं किती जलद आहे ते कळतं. हळू गाण्याला लांब श्वास, जलदला झटका. मी तर नंतर नंतर वादन सोडून श्वासच ऐकत बसलो.

निघताना बसूनवाल्याने एक पुठ्ठ्याची नळी दाखवली, स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून येतो ना, त्याच्या आतली, कापून लहान केलेली. काय आहे विचारलं तर म्हणाला उद्या शेवटपर्यंत जागे राहिलात तर कळेल. हे मला बघून म्हणाला की सगळ्यांनाच म्हणतो माहीत नाही.

दिवस तिसरा, रविवार

ओडेन्सेला ट्रेनने गेलो, दीडेक तास. वाटेत स्टोअरबेल्ट नावाची अठरा किलोमीटरची खाडी आहे. ट्रेन आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, आठ किलोमीटर, कानात दडे बसतात, मग स्प्रोगो नावाच्या बेटावर वर येते आणि पुढे पुलावरून. बोगद्यातून बाहेर आल्याआल्या दोन्हीकडे एकदम पाणीच पाणी. 1997 च्या आधी ट्रेनच्या ट्रेन बोटीवर चढवून न्यायचे म्हणे.

ओडेन्से म्हणजे हान्स ख्रिश्चन अँडरसनचं जन्मगाव, जिकडे तिकडे तोच, फुटपाथवर त्याच्या पावलांचे ठसे, सिग्नलच्या दिव्यातला माणूससुद्धा तोच टोपीवाला. आम्ही आधी सेंट क्नूडच्या चर्चमधे गेलो, तिथे तळघरात त्या क्नूड राजाची हाडं काचेच्या पेटीत ठेवलीयेत, 1086 साली प्रजेनेच मारलेला. कर वाढवले म्हणून असं भाची म्हणाली. बघून बाहेर आलो आणि हॉट डॉग खाल्ला.

वादन दुसऱ्याच एका लहान चर्चमधे, दुपारी तीनला. पांढऱ्या भिंती, छताला टांगलेलं एक छोटं लाकडी जहाज (खलाशांच्या गावात चर्चमधे असं टांगतात). साठ-पासष्ट माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची. मी आणि भाची सोडून सगळे स्थानिक. हातात एक छापील कागद, त्यात वाद्यांची नावं डॅनिशमधे: बसूनला फागॉट, हॉर्नला वाल्डहॉर्न, आणि क्लॅरिनेटला 'क्लारिनेट'. म्हणजे अण्णांचा क्लॅरनेट आणि यांचा क्लारिनेट जवळजवळ एकच, मधल्या मधे इंग्रजी शिकलेले आम्हीच उगीच जीभ वळवतो.

डान्झी छान झाला. कालची वीस मिनिटांची जागा आली तेव्हा मी बाकाची कड धरली. गेली व्यवस्थित. बाकीच्या साठ जणांना तिथे काही होतं हेच कळलं नाही.

मग लिगेटी, हंगेरीचा. सहा छोटे तुकडे, 1953 सालचे. त्यातला पहिला फक्त चार सुरांत आहे, हे रूममेटने आधीच सांगितलं होतं. सा, कोमल ग, शुद्ध ग आणि प धरा. दोन्ही गंधार! मी जोग रागाचा वेडा माणूस, दोन्ही गंधार म्हटलं की कान टवकारतात, पण इथे जोगचा तो रात्रीचा ठेहराव अजिबात नाही, दोन गंधार एकमेकांना कोपर मारत पळतात आणि दीड मिनिटात खेळ खल्लास. तिसऱ्यात खाली सात सुरांचं एक चक्र गरगरत राहतं आणि वर लांब शांत चाल, ते मात्र आपल्याकडच्या माणसाला लगेच पोचतं. सहाव्याची गंमत वेगळी. 1956 साली बुडापेस्टमधे हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा पाचच वाजले, कारण सहाव्यात शेजारशेजारचे सूर एकमेकांवर घासतात, म्हणजे सा आणि कोमल रे एकदम, आणि ते तिथल्या सरकारी लोकांना खपण्यासारखं नव्हतं. सहाही तुकडे एकत्र वाजायला 1969 उजाडलं, तेही स्वीडनमधे. मी कान देऊन ऐकला तो सहावा. सरकार पडेल असं काही त्यात मला सापडलं नाही. पण सरकारांचे कान वेगळे असतात.

मध्यंतरात कॉफी आणि दालचिनीचा गोल पाव. फुकट. माझ्या बाजूला एक आजी, त्यांनी विचारलं कुठून आलात, म्हटलं इंडिया, त्या म्हणाल्या एवढ्या लांबून यासाठी? मी हो म्हणून टाकलं.

आता नील्सन. पहिला भाग बसून सुरू करतो, आरामात, जेवण झाल्यावर माणूस अंगणात येऊन बोलायला लागतो तसा, मग बाकीचे येतात. दुसऱ्या भागात, मिन्युएटमधे, ओबोतून एकदम गुरगुर आली. पाणी! चावीत पाणी साचलंय हे मला कळलं, भाचीला नाही. मुलीला दोन-चार मात्रांची उसंत मिळाली त्यात तिने शर्टाच्या खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढला, चावीखाली सारला, दाबला, काढला, परत तोंडाला ओबो. ती हातचलाखी मी पन्नास वर्षांपूर्वी कराडच्या रस्त्यावर पाहिलीय, कागद तेवढा वेगळा. भाचीला कोपर मारून म्हटलं बघितलंस का, ती म्हणाली श्शू.

तिसऱ्या भागाच्या आधी हिने ओबो ठेवून त्याचा मोठा भाऊ उचलला, इंग्लिश हॉर्न, खाली कांद्यासारखा फुगलेला. आवाज एकदम गंभीर, कुणी गेल्यासारखा. ते थोडा वेळच, मग परत ओबो, आणि मग पाच जण मिळून एक अगदी साधी चाल वाजवतात. ही नील्सनचीच एक भजनाची चाल, चर्चमधे म्हणायची. आणि मग त्या चालीची अकरा रूपं. इथे मात्र मी पुढे सरकून बसलो. पाचव्या रूपात क्लॅरिनेट आणि बसून असे भांडतात, असे भांडतात, की वाटणीच्या वेळी बांधावर उभे राहिलेले दोन भाऊच. एक चिरकतो, दुसरा खालून गुरकावतो, कुणी कुणाचं ऐकत नाही. सातव्यात बसून एकटाच, नवव्यात हॉर्न एकटा, बाकीचे चार जण वाद्य मांडीवर घेऊन गप्प बसलेले. रूममेटचे कान लालबुंद झालेले दिसत होते, एकही सूर घसरला नाही. क्लॅरिनेटच्या त्या चिरकण्याने मी अर्धा कराडला होतो, वरात चौकात अडकलीय, पुढे ट्रक, आणि अण्णा डोळे मिटून काहीतरी भलतंच वाजवतायत, गाण्याशी संबंध नसलेलं, कारण तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा.

आणि नळी! शेवटी ती भजनाची चाल परत येते, थाटामाटात, आणि अगदी अखेरच्या सुराआधी बसूनवाल्याने खुर्चीखालून ती पुठ्ठ्याची नळी काढून वाद्याच्या वरच्या तोंडात खोचली. झालं असं की नील्सनने शेवटी बसूनला असा एक खालचा सूर लिहून ठेवलाय जो त्या वाद्यात नाहीच, वाद्य संपतं त्याच्याही अर्धा सूर खाली. मग नळी लावून लांबी वाढवायची. तो सूर कानाला ऐकू येण्याआधी बाकाच्या लाकडातून पाठीला लागला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि वाद्यावर ती नळी तशीच उभी, तिच्यावर सुपरमार्केटचं लेबल.

बाहेर क्लॅरिनेटवाल्याला फोनमधला अण्णांच्या क्लॅरनेटचा फोटो दाखवला. त्याने मोठा करून पाहिला, रबरबँडवर बोट ठेवलं, आणि विचारलं, कुठल्या जाडीचा वापरतात? हसला नाही. माझ्या दृष्टीने कार्यक्रम इथे पास झाला.

दिवस चौथा, सोमवार

रात्री ओडेन्सेलाच राहिलो, सकाळी बसने नोर लुंडेल्से. नील्सन याच गावचा, 1865 सालचा जन्म, बारा भावंडांतला सातवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूला पिवळीधमक शेतं, आपली मोहरी फुलते तशी, भाची म्हणाली रेपसीड. जन्म झाला ते घर आता नाही, नंतर राहायला आले ते आहे, बुटकं, लांबट, आता तिथे म्युझियम. आणि कुलूप. सोमवार! इथे सोमवारी म्युझियमं बंद असतात हे भाचीला माहीत होतं आणि ती मला सांगायला विसरली, मी विचारायला विसरलो. खिडकीला हात लावून आत डोकावलो, आपलाच चेहरा दिसला.

मग समोरच्या कट्ट्यावर बसून रूममेटने काल जे सांगितलं होतं ते आठवत बसलो. या माणसाचा बाप दिवसा घरं रंगवायचा आणि रात्री गावच्या लग्नांत, नाचगाण्यांत व्हायोलिन नाहीतर कॉर्नेट वाजवायचा. म्हणजे बँडवाल्याचंच पोर! लहानपणी घराशेजारच्या लाकडांच्या ढिगावर ठोकून बघायचा, लांब ओंडक्याचा सूर वेगळा, आखूडचा वेगळा. बापाला काही पोराचं संगीतात भवितव्य दिसेना, त्याने चौदाव्या वर्षी एका दुकानदाराकडे कामाला लावला, तर त्या दुकानदाराचंच दिवाळं निघालं. मग पोरगा ओडेन्सेच्या लष्करी बँडमधे भरती झाला, बिगुल आणि ट्रॉम्बोन वाजवायला. लष्कराच्या बँडमधे जायचं अण्णांच्याही मनात होतं, छाती अर्धा इंच कमी भरली. छाती! जन्मभर फुंकत राहिलेल्या माणसाची.

तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे दुपारचे अडीच, ते जेवून आडवे झाले होते. चौऱ्याऐंशी वय, ऐकायला कमी येतं, पण संगीताचा विषय निघाला की येतं.

"पाच जणंच? ढोल नाही?"

"नाही अण्णा."

"मग नाचले कशावर?"

"कुणी नाचलं नाही. सगळे गप्प बसून ऐकत होते. दीड तास."

बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली.

"नोटा उडवल्या कुणी?"

"नाही."

"जेवण तरी दिलं का पोरांना?"

"कॉफी आणि पाव."

"हं. काय काय वाद्यं होती?"

मी सांगितली. एक फ्लूट होती, एक ओबो, म्हणजे सनईसारखा, क्लॅरनेट, एक हॉर्न, आणि एक बसून.

"एक बसून," अण्णा म्हणाले, "आणि बाकीचे काय उभे होते?"